पिवळ्या खांद्याची मारिकीता: पोर्तो रिकोतला नेहमीचा पक्षी दुर्मीळ कसा झाला

एखादा पक्षी दिसेनासा झाला की आपण जंगलतोडीकडे बोट दाखवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पोर्तो रिकोतल्या पिवळ्या खांद्याच्या ब्लॅकबर्डच्या बाबतीत मात्र बोट दुसऱ्याच एका पक्ष्याकडे गेलं आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथंच राहिलं. त्यामुळे ती जात वाचली, यात वाद नाही. पण 'वाचली' या शब्दात किती काय दडलेलं असतं, ते या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा बरंच कमी. १८९८ साली स्पेनकडून ते अमेरिकेकडे गेलं, पण लोकांची भाषा स्पॅनिशच राहिली. पक्ष्यांची रोजच्या वापरातली नावंही स्पॅनिशच आहेत. या पिवळ्या खांद्याच्या पक्ष्याला तिथं मारिकीता म्हणतात.

गावात वावरणारी, खाडीत राहणारी

मारिकीता साळुंकीपेक्षा थोडी लहान. लांबी २० ते २३ सेंटिमीटर, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. अंग चकचकीत काळं आणि खांद्यावर पिवळा ठिपका. पक्षी बसलेला असताना हा ठिपका पुष्कळदा पिसांखाली झाकून जातो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला नुसता काळा पक्षी दिसतो. पोर्तो रिकोत काळ्या पक्ष्यांची वानवा नाही. मोठ्या शेपटीचा, पिवळ्या डोळ्यांचा चांगो हा ग्रॅकल जातीचा पक्षी तिथं बाजारात, पार्किंगमध्ये, हॉटेलच्या टेबलाखाली सगळीकडे असतो. त्यात मारिकीता सहज खपून जाते. आपल्याकडे सह्याद्रीत दिसणारा काळा कस्तुर हाही इंग्रजीत ब्लॅकबर्डच, पण त्याचं कूळ वेगळं. मारिकीता इक्टेरिड कुळातली आहे, आणि ते कूळ फक्त अमेरिका खंडात आणि आसपासच्या बेटांवर आढळतं.

तिचा दिनक्रम समजून घेतला की पुढचं सगळं उलगडतं. घरटं बहुधा किनाऱ्यावरच्या खारफुटीत, त्यातही किनाऱ्यापासून थोड्या आत समुद्रात असलेल्या छोट्या खारफुटी बेटांवर. तिथली तांबडी खारफुटी आपल्या कोकणातल्या कांदळाच्याच वंशातली. काही जोड्या नारळाच्या झाडावर घरटं करतात, काही कुरणातल्या मोठ्या झाडांवर, काही ढोल्यांत. एकेक जोडी आपापलं घरटं सांभाळते, पण घरटी एकमेकांच्या जवळजवळ असतात, त्यामुळे विरळ वस्तीसारखं दृश्य दिसतं. तिचा उत्तर अमेरिकेतला नातलग, लाल पंखांचा ब्लॅकबर्ड, दलदलीतला एक तुकडा बळकावतो आणि त्यात अनेक माद्यांशी संसार करतो. मारिकीतेचा नर असं काही करत नाही. तो एकाच मादीसोबत राहतो आणि राखतो ते फक्त घरट्याभोवतीची थोडी जागा. चारा राखण्याचा प्रश्नच येत नाही, कारण चारा घरट्यापाशी नसतोच. त्यासाठी खाडी सोडून जमिनीकडे उडत जावं लागतं.

जमिनीवर ती काय खात नाही, हे सांगणं सोपं. मुख्य आहार किड्यांचा. त्याशिवाय फुलांतला मध, गोठ्यातलं पशुखाद्य, अंगणातला भात, कुत्र्याचं खाणं, उघडी राहिलेली साखरही चालते. ला पार्गेरा या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या मासेमारी गावाजवळ काही बेटांवर १९६० च्या दशकात संशोधनासाठी माकडं ठेवली होती. त्यांच्यासाठी टाकलेल्या गोळीखाद्यावरही मारिकीता येऊन बसत. (या माकडांचं भारताशी नातं आहे. पोर्तो रिकोतली ऱ्हिसस माकडांची पहिली मोठी वसाहत १९३८ साली पूर्व किनाऱ्यालगतच्या कायो सांतियागो या बेटावर वसवली गेली, आणि ती माकडं भारतातून जहाजानं नेलेली होती. बेटांवर बाहेरून प्राणी आणून सोडण्याची माणसाची हौस जुनी आहे. त्याआधी १८७७ साली उसातले उंदीर मारायला मुंगूस आणलं गेलं होतं. जमैकात पाच वर्षं आधी आलेली मुंगसं कलकत्त्याचीच होती.)

एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत मारिकीता राजधानी सान हुआनच्या परिसरातही भरपूर असल्याचं दिसतं. १९११-१२ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर वेटमोर यांनी शेतीच्या दृष्टीनं बेटावरच्या पक्ष्यांची पाहणी केली. कोण पिकाला उपकारक आणि कोण उपद्रवी, हे ठरवायला त्यांनी पक्ष्यांच्या पोटातलं खाद्य तपासलं. मारिकीतेच्या पोटात बहुतांश किडे निघाले. एकंदरीत किनारपट्टीवरच्या माणसाला हा पक्षी वेगळा दाखवून द्यायची गरज नव्हती.

१९५५ साली आलेला पाहुणा

शायनी काउबर्ड हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. नर जांभळट चकाकीचा काळा, मादी मळकट तपकिरी. पोर्तो रिकोत याला तोर्दो म्हणतात. हा गुराढोरांच्या मागे फिरतो, उघड्या माळावर आणि शेतात दाणे टिपतो, आणि स्वतःचं घरटं कधीच बांधत नाही. मादी दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालते. दोनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांच्या घरट्यांत त्याची अंडी सापडली आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा पक्षी छोट्या कॅरिबियन बेटांवरून उत्तरेकडे सरकत गेला. काही ठिकाणी पिंजऱ्यातला पक्षी म्हणून माणसानंच त्याला नेलं, बाकी अंतर तो स्वतः उडाला. जंगल तोडून ऊस लावला, कुरणं केली, गुरं आणली, म्हणजे त्याच्यासाठी प्रत्येक बेटावर पान मांडून ठेवलेलंच होतं. पोर्तो रिकोच्या ईशान्य टोकावर, काबेसास दे सान हुआन इथं, तो १९५५ साली नोंदला गेला. पुढे १९७२ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात आणि १९८५ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात पोचला.

परक्याच्या घरट्यात अंडं घालणं मराठी वाचकाला नवं नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, पावशा सातभाईंच्या. पण आपल्याकडचा हा व्यवहार अतिशय जुना आहे. कावळा कोकिळेला पाहिलं की हाकलायला धावतो, कारण त्याच्या पिढ्यान् पिढ्या या धंद्याशी झगडत आल्या आहेत. पोर्तो रिकोत अंडी लादणारा असा एकही पक्षी त्याआधी नव्हता. मारिकीतेला परक्या अंड्याचा संशय येण्याचं कारणच कधी पडलं नव्हतं. अंडं आहे, घरट्यात आहे, म्हणजे उबवायचं.

त्याच बेटावरचा पितिर्रे, म्हणजे राखाडी किंगबर्ड, असं अंडं उचलून बाहेर टाकतो. म्हणून पाहुणा एकच असूनही सगळ्या पक्ष्यांवर त्याचा परिणाम सारखा झाला नाही. हा मुद्दा पुढेही लागणार आहे.

खारफुटीतला तपास

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात विल्यम पोस्ट आणि जेम्स वायली या दोघा संशोधकांनी ला पार्गेराच्या आसपास घरटी तपासायला सुरुवात केली. हे काम दमवणारं. होडीनं एका खारफुटी बेटावरून दुसऱ्यावर जायचं, चिखलातून आणि आधारमुळांच्या जाळ्यातून घरट्यापर्यंत पोचायचं, आरशानं किंवा हातानं आत काय आहे ते पाहायचं, आणि तेच घरटं पुन्हा पुन्हा तपासायचं. किती अंडी मारिकीतेची, किती काउबर्डची, कुठलं फुटलं, कुठल्या पिल्लाला पिसं आली.

त्यांच्या अंदाजानं १९७० च्या दशकाच्या मध्यात मारिकीतांची एकूण संख्या सुमारे २,४०० होती, आणि ती मुख्यतः तीन ठिकाणी उरली होती. नैर्ऋत्येचा किनारा, पूर्वेला सेइबाजवळचा रूझवेल्ट रोड्स हा नौदल तळ, आणि पश्चिमेला समुद्रात एकाकी असलेलं मोना बेट. नैर्ऋत्येत तपासलेल्या घरट्यांपैकी तब्बल ९५ टक्क्यांच्या आसपास घरट्यांत काउबर्डची अंडी होती.

हा आकडा वाचून चित्र साधं वाटतं, पण घडत होतं ते जास्त गुंतागुंतीचं. काउबर्डचं पिल्लू युरोपातल्या कुकूसारखं घरट्यातली बाकी अंडी ढकलून देत नाही. म्हणजे कागदावर तरी मारिकीतेची पिल्लं त्याच्याबरोबर वाढू शकतात. अडचण दोन ठिकाणी होती. एक, काउबर्ड घरट्यात आला की चोचीनं अंड्यांना भोकं पाडतो, त्यामुळे यजमानाची अंडी उबण्याआधीच वाया जातात. दोन, एकाच घरट्यात अनेकदा एकाहून जास्त काउबर्ड माद्या अंडी घालून जातात. मारिकीता साधारण तीन अंडी घालते. त्यांतली एक-दोन फुटली आणि वर परकी अंडी पडली, की ती आणि तिचा नर उरलेला हंगाम काउबर्डच वाढवत बसतात. त्यांचं पिल्लू भुकेनं आक्रमक, अंगानं मारिकीतेच्या पिल्लाएवढंच किंवा जरा पुढं. चारा कोणाच्या तोंडात जाणार, हे वेगळं सांगायला नको.

त्यात भर म्हणजे काउबर्ड आणि मारिकीता चरतात एकाच ठिकाणी. गोठ्यातलं खाद्य, कुरण, अंगणातला दाणा. तिथून संध्याकाळी खारफुटीत परतणाऱ्या मारिकीतेचा माग घरट्यापर्यंत काढणं काउबर्डच्या मादीला अवघड नव्हतं. शिवाय घरटी जवळजवळ, म्हणजे एक सापडलं की शेजारची चारही सापडली.

१९७६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या धोक्यातील प्रजाती कायद्याखाली मारिकीतेची नोंद झाली. कायद्याच्या यादीत नाव चढलं म्हणून घरट्यातली अंडी वाचत नाहीत. १९७४ ते १९८२ या काळात नैर्ऋत्येतली संख्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी घसरली. पूर्वेचा गट त्याहून वाईट अवस्थेत गेला.

आता थोडं थांबायला हवं, कारण इथूनच सगळी गोष्ट 'काउबर्ड हा खलनायक' अशी सांगितली जाऊ लागली. मारिकीतेच्या अडचणी काउबर्डपुरत्या नव्हत्या. काळे उंदीर खारफुटीत चढतात आणि अंडी-पिल्लं खातात. पाण्यानं वेढलेल्या बेटांवर मुंगूस सहसा पोचत नाही, उंदीर पोचतात. मोतीडोळ्या थ्रॅशर नावाचा दांडगा पक्षी ढोल्या बळकावतो आणि इतरांची घरटी लुटतो. घरट्यात माइट किडे होतात, पिल्लांना देवीसारखा पक्ष्यांचा रोग होतो. आणि या सगळ्याच्या खाली जमीन. किनाऱ्यावर घरं आली, खारफुटी कापली गेली. नैर्ऋत्येतलं ग्वानिकाचं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर १९५० च्या दशकात शेतीसाठी उपसून कोरडं केलं. काउबर्ड बेटावर उतरला तेच दशक. किनाऱ्यावरची घसरण या सगळ्यातून आधीच सुरू झाली होती. सान हुआनच्या आसपासची मारिकीता काउबर्डमुळे गेली असं म्हणायला आधार नाही.

तरीही दोष वाटायला बसलं तर १९७० च्या दशकातल्या त्या कोसळण्याचं मुख्य कारण काउबर्डच होतं असं मला वाटतं. उंदीर तिथं शतकानुशतकं होते आणि थ्रॅशर मूळचाच. जमीन बदलत होती, पण इतक्या झटपट नाही. आठ वर्षांत पाचातले चार पक्षी कमी व्हायचे तर कुणीतरी पिढीच्या पिढी जन्मू न देण्याचं काम करत असलं पाहिजे, आणि ते काम घरट्यांत प्रत्यक्ष दिसत होतं. मात्र खून कुणी केला आणि माणूस आधीच आजारी का होता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसरा विचारायचा राहून जातो.

पिंजरे आणि पीव्हीसी

उपचार दोन बाजूंनी झाला. एक म्हणजे काउबर्ड पकडणं. यासाठी जाळीचा खोलीएवढा पिंजरा कुरणात किंवा गोठ्याजवळ उभा करतात. आत दाणा, पाणी आणि थोडे जिवंत काउबर्ड आमिष म्हणून. वरच्या बाजूला एक फट असते. थव्यानं चरायची सवय असलेला पक्षी आतल्या भाऊबंदांना पाहून पंख मिटून फटीतून खाली उतरतो, पण पंख पसरून त्याच फटीतून वर येता येत नाही. कर्मचारी येऊन चुकून शिरलेले बाकीचे पक्षी सोडून देतात आणि काउबर्ड मारतात.

हे वाक्य लिहिताना मलाही अडखळायला होतं. काउबर्डनं काही गुन्हा केलेला नाही. माणसानं पसरून ठेवलेल्या वाटेनं तो आला आणि त्याला जे येतं ते तो करतो. पण ज्यांना पक्षी मारणं मुळीच मान्य नाही त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. १९८० च्या दशकात पिंजरे लावले नसते तर आज या लेखाला विषय उरला नसता. ज्या भागांत काउबर्ड काढले तिथं परक्या अंड्यांचं प्रमाण लक्षणीय घटलं आणि मारिकीतेची स्वतःची पिल्लं घरट्यातून उडू लागली. नैतिक अस्वस्थता राहू दे, पण निर्णय बरोबर होता.

दुसरी बाजू घरट्यांची. आधी लाकडी पेट्या लावून पाहिल्या. मग नैर्ऋत्येत, बोकेरोनच्या सरकारी राखीव वनात, पीव्हीसी नळाच्या तुकड्यांपासून बनवलेली कृत्रिम घरटी आली. पोर्तो रिकोच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे लोक ही घरटी पिताहाया भागातल्या खारफुटीच्या कडेला लावतात. नळ उन्हापावसात टिकतो, स्वस्त असतो, धुता येतो. खालच्या आधारावर उंदीर चढू नये अशी व्यवस्था करता येते. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की घरटं कुठं आहे ते आधीच माहीत असतं. चिखलात शोधत फिरायचं नाही, होडी घेऊन ओळीनं तपासत जायचं. काउबर्डचं अंडं दिसलं की काढायचं.

मारिकीतांनी ही घरटी स्वीकारली, आणि तेही आनंदानं. ज्या पक्ष्याला नारळाची झावळी, खारफुटीची फांदी, वठलेल्या झाडाची ढोली आणि मोनाचा कडा सगळं चालतं, त्याला प्लास्टिकचा नळ का चालू नये? ही लवचीक वृत्तीच तिच्या कामी आली. घरट्याच्या बाबतीत चोखंदळ असलेल्या एखाद्या पक्ष्याला वाचवायला हा मार्ग उपयोगी पडला नसता.

अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेनं १९८३ साली पुनरुज्जीवनाचा आराखडा केला आणि १९९६ साली तो सुधारला. नैर्ऋत्येतली संख्या शेकड्यांच्या तळातून वर आली. उच्चांक कधी, नीचांक कधी यात चढउतार झाले. १९९८ चं जॉर्जेस आणि २० सप्टेंबर २०१७ चं मारिया या चक्रीवादळांनी खारफुटी झोडपून काढली. पण एकंदरीत सरळ नामशेष होण्याकडे जाणारी रेषा थांबली. आंतरराष्ट्रीय यादीत ती आजही 'धोक्यात' याच वर्गात आहे.

मोना

पोर्तो रिकोच्या पश्चिमेला, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या अर्ध्या वाटेवर, मोना हे चुनखडकाचं सपाट बेट आहे. सुमारे ५५ चौरस किलोमीटर, चहूकडे उभे कडे, कोरडं काटेरी रान. कायमची वस्ती नाही, वनरक्षक आणि येणारे-जाणारे संशोधक तेवढे. इथल्या मारिकीतांची उपजात वेगळी मानली जाते. त्या खारफुटीत राहत नाहीत. समुद्राकडच्या कड्यांच्या कपारींत आणि टप्प्यांवर घरटी करतात.

काउबर्ड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोनावरही दिसला. पण तिथं तो मुख्य बेटासारखा जम बसवू शकला नाही. कारण उघड आहे. मोनावर गोठे नाहीत, शेती नाही, पशुखाद्य नाही. मोनावरची मारिकीता मुख्य बेटासारखी कोसळली नाही. काही शेकड्यांत तिची संख्या चढउतार होत राहिली.

मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. पक्षी तोच, आणि परक्या अंड्याबद्दलचं त्याचं भाबडेपणही तेच. फरक जमिनीचा. म्हणजे काउबर्ड हा जितका पक्ष्याचा प्रश्न आहे तितकाच गुरांच्या खाद्याचा आणि उघड्या माळाचा आहे. मुख्य बेटावर ९५ टक्के घरट्यांत परकी अंडी पडली, कारण तिथं काउबर्डला पोसणारी यंत्रणा माणसानं उभी केली होती आणि ती आजही चालू आहे. बोकेरोनमध्ये पकडलेल्या काउबर्डची जागा शेजारच्या लाहास खोऱ्यातले काउबर्ड भरून काढतात. म्हणून पिंजरे दर वर्षी लावावे लागतात.

आणि मोनालाही निष्पाप स्वर्ग समजू नये. तिथं बोकड आहेत, रानडुकरं आहेत, मांजरं आहेत. एकाच छोट्या बेटावर सगळी उपजात असणं हे वादळाच्या एका तडाख्यापुरतं दूर असलेलं संकट आहे. पण काउबर्डचा प्रश्न तिथं सुटलेला दिसतो, आणि तो कुणी सोडवलेला नाही.

मिशिगनशी तुलना

असाच उपचार दुसरीकडे कसा गेला हे पाहिलं तर मारिकीतेच्या प्रकरणाला जास्त खोली येते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात कर्टलंड वॉर्ब्लर नावाचा इवलासा पक्षी आहे. तो फक्त विशिष्ट वयाच्या, कोवळ्या जॅक पाइनच्या रानात घरटं करतो. तिथल्या दुसऱ्या जातीच्या, तपकिरी डोक्याच्या काउबर्डनं त्याला असंच जेरीस आणलं. १९७२ साली पिंजरे लागले आणि परक्या अंड्यांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं.

तरीही पक्षी वाढले नाहीत. पुढची पंधराएक वर्षं गाणाऱ्या नरांची संख्या दोनशेच्या आसपास घुटमळत राहिली. घसरण थांबली, वाढ झाली नाही. मग १९८० साली मॅक लेकजवळ मोठी आग लागली. तिच्यानंतर उगवलेली कोवळी पाइन काही वर्षांनी योग्य उंचीची झाली, शिवाय वनखात्यानं मुद्दाम नवी लागवडही केली, आणि तेव्हा कुठे १९९० च्या सुमारास संख्या भराभर चढू लागली. २०१९ साली हा पक्षी धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. त्याच्या आसपास पिंजरेही थांबवले, कारण तिथं काउबर्डच कमी झाला होता.

म्हणजे पिंजऱ्यांनी वेळ मिळवून दिला आणि वाढ झाली ती जागेमुळे. पोर्तो रिकोत पहिला भाग नीट झाला. दुसऱ्या भागाचं काय?

आता प्रश्न कुठे अडला आहे

नैर्ऋत्येतल्या मारिकीतेचा मोठा हिस्सा माणसानं लावलेल्या घरट्यांवर आणि माणसानं काढलेल्या अंड्यांवर अवलंबून आहे. हे दोष दाखवायला लिहीत नाही. होडीतून नळ तपासत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळेच ही जात आहे. पण यात दोन धोके आहेत. पहिला, आर्थिक ताण आला, वादळानं होड्या आणि रस्ते गेले, एक-दोन हंगाम काम थांबलं, की काउबर्ड लगेच परतणार. दुसरा धोका कमी दिसणारा. मोजणी नीट होते ती जिथं घरटी लावली आहेत तिथं. बोकेरोनमधली आकडेवारी सुधारली म्हणजे बेटावरची मारिकीता सुधारली असं वाटू लागतं. कुरणातल्या झाडावर, सालिनासच्या किनाऱ्यावर, गावाकडच्या नारळांत काय चाललंय याचं चित्र धूसर राहतं.

पूर्वेच्या गटाचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं. रूझवेल्ट रोड्स तळावर सैन्याच्या कुंपणामुळे खारफुटी शाबूत होती. संवर्धनाचा तो हेतू नव्हता, पण परिणाम तोच झाला. मारिकीता मात्र तिथून जवळजवळ संपली. २००४ साली नौदलानं तळ बंद केला तेव्हा खारफुटी उभी होती आणि पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जागा राखली, काउबर्डवर नैर्ऋत्येइतकं लक्ष दिलं नाही. नैर्ऋत्येत काउबर्डवर लक्ष दिलं आणि चरण्याच्या जमिनीकडे कमी. दोन अर्धे उपचार, दोन वेगळ्या जागी.

माझ्या मते पुढचा पैसा पिंजऱ्यांवरून काढून घेऊ नये, पण त्यात भर घालायची असेल तर ती गोठ्यांकडे जावी. मारिकीता आणि काउबर्ड जिथं एकत्र चरतात ती जागा खारफुटी नाही. ती लाहास आणि काबो रोहोमधल्या शेतकऱ्याची जागा आहे. पशुखाद्य झाकून ठेवलं, सांडलेलं धान्य आवरलं, तर काउबर्डची हंगामी भरती कमी होईल. शेतकऱ्यालाही ते परवडतं, कारण सांडलेलं खाद्य शेवटी त्याच्याच खिशातलं असतं. कुरणांच्या कडेनं मूळची झाडं परत लावली तर किडे मिळतील, आणि मारिकीता कुत्र्याच्या ताटलीवर येणं कमी करेल. हे काम पीव्हीसी नळासारखं फोटोत दिसत नाही. एका हंगामात आकडाही देत नाही. पण मोनावर जे आपोआप आहे त्याच्या थोडं जवळ जाण्याचा मुख्य बेटावर मला तरी हाच मार्ग दिसतो.

मोजणीचा मुद्दाही त्यातच येतो. घरट्यांत किती पिल्लं वाढली हे मोजताना किती पिंजरे लागले आणि किती काउबर्ड मारावे लागले हा आकडाही सोबत ठेवावा. पिल्लं तेवढीच राहून मारायचे काउबर्ड दर वर्षी कमी होत गेले, तर कार्यक्रम बरोबर चालला आहे. पिल्लं वाढत असतील पण काउबर्डही तितकेच सापडत असतील, तर नैर्ऋत्येतली स्थिती १९८० च्या दशकापेक्षा मुळात बदललेली नाही, फक्त ती हाताळण्याची पद्धत बदलली आहे.